व्याह्याचं हाड

शेवटची गाडी दुपारी तीनला सुटायची आणि आता सकाळचे नऊ वाजले होते. सहा तास हातात असलेल्या माणसाला कसली घाई, असं कुणालाही वाटेल. पण उपेल आपांबरोबर बाजाराला निघालेल्या माणसाचे सहा तास म्हणजे एका शिंकेपुरता वेळ. बारा वर्षं त्यांची सून म्हणून काढलेल्या जिपारला हे पक्कं माहीत होतं, म्हणून ती माहेरी न्यायची पिशवी पाठीला अडकवून उंबऱ्यातच दात आवळत उभी होती.

एमिलच्या गाडीनं पहाटेच मान टाकली होती. त्यानं इंजिनाखाली निखाऱ्यांची पाटी सरकवली, वरून शिव्या घातल्या, पण गाडी काही जागची हलेना. बायकोला स्टँडवर सोडायचं कबूल केलेला नवरा आता काळ्या हातांनी अंगणात उभा राहून म्हणत होता, "चालत जा ना. चालल्यानं ऊब येते."

थंडीही तशीच होती. त्या एकतीस डिसेंबरला आमच्या काराकोल गावात धुराड्यांतून निघालेला धूर वर जाऊन खांबासारखा थिजला होता. आमच्या खालच्या गल्लीतल्या एका धुरावर तर कावळा बसलेला लोकांनी पाहिला. खोटं वाटत असेल तर त्या कावळ्यालाच विचारा, तो पुढं बरीच वर्षं याच गावात होता.

जिपारला मात्र कावळ्याशी घेणं नव्हतं. एमिल धाकटा मुलगा, म्हणजे म्हाताऱ्या आईचं घर त्याच्याकडे आणि त्या घराचं नवीन वर्षाच्या जेवणाचं टेबल त्याच्या बायकोकडे. बारा वर्षांत एकदाही नवीन वर्षाला तिला माहेरचा उंबरा दिसला नव्हता. मग गेल्या वसंतात तिच्या बापाची, कासिमालीची, उजवी बाजू गेली. भाऊ आणि भावजय कामाला रशियात. म्हातारा कारा-तेरेकला एकटा, शेजारीण दोन वेळचा रस्सा आणून देणार, बास. ऑक्टोबरात बटाटे काढताना जे महाभारत झालं, त्यात जिपारनं फावडं जमिनीत खुपसून सांगितलं होतं, "या नवीन वर्षाला मी जाणार." आणि साऱ्या गल्लीदेखत उपेल आपा म्हणाल्या होत्या, "जा की. मी काय तुला बांधून ठेवलंय?"

बांधून ठेवलं नव्हतं हे खरं. दोरी लागतच नव्हती त्यांना.

"केलिन," सुनेला हाक मारत आपा आतून कंबरेला शाल गुंडाळत आल्या, "रिकाम्या हातानं निघालीस?"

"आपा, पिशवीत लोणी आहे, जर्दाळू आहेत, बाबांची औषधं आहेत, लोकरी मोजे आहेत."

"मी पिशवीचं विचारत नाही. व्याह्याचं हाड कुठाय?"

आता हे हाडाचं प्रकरण. आमच्यात मेंढी कापली की मांस वाढत नाहीत, मान वाढतात. सगळ्यात थोर पुरुषापुढं कमरेचं हाड, थोर बाईपुढं शेपटाकडचा चरबीचा भाग, आणि मग वयानं, नात्यानं उतरत उतरत नडगी, फरा, बरगड्या. मेंढी कितीही माजलेली असो, कमरेची हाडं तिला दोनच. म्हणून आमच्याकडे युद्धं जमिनीवरून कमी आणि कमरेच्या हाडांवरून जास्त झाली.

बारा वर्षांपूर्वी, जिपारच्या लग्नाच्या जेवणात, कढईपाशी उपेल आपा स्वतः होत्या. एक कमर दिराला, सुयुनबाय आबांना गेली. दुसरी नारिनहून आलेल्या त्यांच्या सख्ख्या भावाला. आणि मुलीच्या बापापुढं, साक्षात व्याह्यापुढं, आलं नडगीचं हाड, जे पोरासोरांना देतात. कासिमालीनं ते एकदा उलटून पाहिलं, खाल्लं, सुरी पुसली, सगळ्यांना आशीर्वाद दिला आणि तो घरी गेला. त्यानंतर त्यानं त्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नाही. भांडला नाही, बोलला नाही, नुसता आला नाही. आणि आपांनीही बारा वर्षांत त्या हाडाचं नाव काढलं नव्हतं. आजपर्यंत.

"आपल्या मेंढीची एक कमर आबांकडे गेली," आपा म्हणाल्या, "दुसरी मी मुद्दाम पडवीत टांगून ठेवली होती. सकाळी बघते तर आकडा मोकळा."

"मांजरानं नेली असेल," साकिन चटकन म्हणाली. ही आपांची थोरली लेक. दोन गल्ल्या सोडून सासर, पण सकाळचा चहा रोज आईकडे. "ते शेजारचं तांबडं मांजर भारी चोरटं."

"मेंढीची अख्खी कमर? मांजरानं?" जिपारनं विचारलं.

"तुला आमच्याकडची मांजरं माहीत नाहीत अजून," साकिन म्हणाली.

बारा वर्षांत माहीत झाली नव्हती ती मांजरं तशीच सोडून तिघी निघाल्या. पुढं आपा काठी टेकत, त्यांच्या हाताला साकिन, खांद्याला मोठी थैली, आणि मागं जिपार, डोळे घड्याळावर.

बाजार घरापासून वीस मिनिटांवर. आपांना दीड तास लागला. दर वीस पावलांना एक ओळखीचं माणूस, आणि ओळखीच्या माणसाला नुसतं नमस्कारावर सोडणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. तब्येत बरी ना? पोरं बरी ना? गुरं बरी ना? गाईचा पाय? सुनेचं बाळंतपण? जिपार पाय आपटत उभी राहायची. पाय आपटणं थंडीचं की रागाचं, हे कुणाला कळायचा प्रश्न नव्हता.

"एजे, त्यांना जरा सांगा ना," ती थोरल्या नणंदेच्या, साकिनच्या, कानाशी लागली. "आत्ता साडेदहा वाजलेत."

"सांगू काय? आई बोलतेय. तुझं माहेर पळून चाललंय का?"

"गाडी पळून चाललीय."

"तीनला ना! मग अजून आहे की." आणि साकिन आईला म्हणाली, "आई, सुनेला तुझं बोलणं लांबलेलं खपत नाहीये."

"खपत नसेल तर कानात बोळे घाल म्हणावं," आपा मागं न बघता म्हणाल्या.

संत्र्यांच्या ढिगापाशी आणखी एक खेळ. नवीन वर्षाला टेबलावर संत्री नसली तर वर्षच येत नाही, हे खरं, पण आपा एकेक संत्रं हातात घेऊन नाकाशी नेत होत्या, जणू त्यातलं एखादं त्यांच्याशी खोटं बोलणार होतं. विक्रेतीनं एक सोलून दिलं.

"गोड आहे," आपा चघळत म्हणाल्या, "पण थंड आहे."

"आजी, बाहेर उणे चोवीस आहे!"

"म्हणजे काल उतरवलेलं असणार. आजचं दाखव."

जिपारनं मुकाट्यानं दोन किलो पिशवीत भरली आणि पैसे टेकवले. आपांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं काही तिनं भर मैफलीत गाणं तोडलं.

मग मटणाची रांग. खाटीक तरुण होता, कानावर पेन्सिल, समोर विजेची करवत. कमर म्हटल्यावर त्यानं दोन तुकडे जोडून दाखवले. "हे घ्या आजी, मिळून एकच होतंय."

आपांनी हाताचा मोजा काढून तुकड्याची कड चाचपली. "करवतीनं कापलंस?"

"मग काय दातांनी कापू? आता वीज आहे."

"सांध्यातून सुरीनं सुटतं ते हाड, पोरा. करवतीनं कापतात ते लाकूड. हे व्याह्यापुढं ठेवू? चुलीत घालायला देऊ त्याला?"

रांगेतले सगळे खाटीक विचारून झाले. सगळ्यांकडे करवत. सुरीनं सांधा सोडवलेली कमर त्या दिवशी बाजारात विकत मिळणार नव्हती, कारण सुरीनं मेंढी सोडवतात ती घरात, आणि घरातली कमर कुणी विकत नाही. साडेअकरा झाले.

"मग जाऊ दे ना, आपा," जिपार म्हणाली. "आपण बरगड्या घेऊ. चरबी घेऊ. बाबांना दात तरी कुठं आहेत!"

"दात नसले तर नसले. मान आहे ना?" आपांनी काठी टेकली. "चला. गावात आज दोनशे मेंढ्या कापल्यात. चारशे कमरा आहेत. एक नाही मिळणार?"

"आई, दमशील," साकिन म्हणाली. तिनं थैली या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

आणि मग सुरू झाली ती दारोदारची वारी, जिचं नुसतं नाव काढलं तरी जिपारच्या पोटऱ्या पुढं कितीतरी दिवस दुखायच्या. पहिलं घर मावसबहिणीचं. कमर होती, पण ती जावयाच्या बापाला. दुसरं घर निवृत्त मास्तरीणबाईंचं. कमर होती, पण ती शाळेच्या जुन्या हेडमास्तरांना, "आणि ते नव्वदीचे आहेत उपेल, पुढच्या वर्षी मागशील तर कदाचित मोकळी होईल." तिसऱ्या घरी चुलत पुतण्यानं मोठ्या मनानं बकरीची कमर पुढं केली.

"बकरीची?" आपा म्हणाल्या. "व्याह्याला?"

"आपा, सोललेली मेंढी काय नि बकरी काय."

"तुझ्या बापाला पुरताना आम्ही असंच म्हणायला हवं होतं. माणूस काय नि गाढव काय."

आणि प्रत्येक घरी पाव. दारात आलेल्यानं पावाचा तुकडा मोडून तोंडाला लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, ही आमची रीत. पाव म्हटलं की लोणी आलं, लोणी म्हटलं की चहा, चहा म्हटला की "बसा ना दोन मिनिटं". जिपारनं तीन घरी सात प्याले चहा गिळला. शेवटच्या प्याल्याला तर तिला वाटलं, आपण चालताना आतून हिंदकळतोय.

सव्वादोन वाजता तिघी सुयुनबाय आबांच्या अंगणात शिरल्या. हे आपांचे थोरले दीर, ब्याऐंशी वर्षांचे, राहणार आपांच्या पडवीसमोरच, आणि त्यांचं दिवसभराचं काम म्हणजे खिडकीत बसून गल्ली बघणं.

"आबा," उपेल आपा जन्मात पहिल्यांदा आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमची कमर या वर्षी मला द्या. पुढल्या वर्षी दोन घ्या."

आबांनी दाढी खाजवली. "दिली असती गं. पण ती सकाळीच कढईत गेली आणि अर्धी माझ्यात. पण तुला कमी काय? दुसरी आहे ना तुझ्या लेकीकडे."

"कुठली दुसरी?"

"अगं, पहाटे मी खिडकीत होतो. साकिननं पडवीतून काढून थैलीत घातली ती. मला वाटलं, तूच सांगितलंस."

जिपारनं साकिनच्या थैलीकडे पाहिलं. दिवसभर जी थैली त्यांच्याबरोबर गावभर फिरली, प्रत्येक घरी दाराशी टेकली, प्रत्येक घरातून परत उचलली, तीच ही थैली.

तिघी बाहेर गल्लीत आल्या. मग आपा थांबल्या.

"तांबडं मांजर," त्या म्हणाल्या.

"आई, ऐक," साकिनचा आवाज चिरकला. "आज माझ्या सासऱ्यांचे मोठे भाऊ येतायत. गेल्या वर्षी मी फरा नेला तर नणंदांनी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ऐकवलं. 'माहेरची मेंढी तीन पायांची का गं?' मला वाटलं, तुला दुसरी मिळेल. मला वाटलं, तू दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या घरी दमशील."

"आणि मी?" जिपार ओरडली. बारा वर्षांत ती सासूच्या आणि नणंदेच्या समोर ओरडली नव्हती, पण ओरडायला लागल्यावर तिला कळलं की हे काही अवघड नाही. "मी सकाळपासून तुमच्या मागून चालतेय! अडीच वाजत आले! एक हाड थैलीत घालून तुम्ही मला सगळं काराकोल फिरवलंत! आणि आपा, तुम्ही! कुणी मागितलंय हे हाड? बाबांनी? त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, रस्ता उघडा आहे का. त्यांना हाड नकोय. मी हवीय!"

गल्लीतली दोन कुत्री उठून बाजूला झाली.

उपेल आपांनी काठीच्या टोकानं बर्फात एक छोटा खड्डा केला. "त्याला तू हवीस," त्या म्हणाल्या, "ते त्याचं झालं. हाड मला हवंय."

जिपारनं पिशवीचा पट्टा आवळला आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

साकिननं थैली उघडली, फडक्यात बांधलेली गोठून दगड झालेली कमर बाहेर काढली आणि आईच्या हातात दिली.

"आणि तू सासरी काय नेशील?" आपांनी विचारलं.

"फरा."

"बोलतील."

"सत्तावीस वर्षं बोलतायत. अजून एक उन्हाळा बोलतील." मग ती जिपारकडे वळली. "बघत काय राहिलीस, बये? पळ! स्टँड काय इथं येणारे? आईला त्या बाजूनं दंडाला धर, मी या बाजूनं धरते. आता वाटेत कुणी भेटलं तर मेलेल्या माणसाच्या घरी चाललोय म्हणून सांग, म्हणजे थांबवणार नाहीत."

तिघी जशा गेल्या तशा त्या गल्लीतून मेंढ्याही कधी लांडग्यापुढून गेल्या नसतील. दोन ओळखीच्यांनी हात वर केले, साकिननं दोघांनाही लांबूनच "मयत! मयत!" म्हणून सांगितलं आणि ती बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. (कोण मेलं, यावर वाद मात्र मार्चपर्यंत चालला.)

स्टँडवर पोचल्या तेव्हा तीनला सहा मिनिटं कमी होती. पंधरा जणांच्या गाडीत चौदा जण, त्यांच्या मांडीवर आठ जण आणि मधल्या वाटेत बटाट्यांचं एक पोतं.

"एक जागा आहे!" ड्रायव्हर ओरडला. "कोण?"

"मी," जिपार म्हणाली आणि हाडासाठी सासूकडे हात पुढं केला. "द्या आपा. नीट नेते. सांगते, तुम्ही दिलंय म्हणून."

आपांनी हाड छातीशी धरलं होतं. त्यांनी काठी साकिनच्या हातात दिली, ड्रायव्हरच्या खांद्याला धरलं आणि त्या गाडीत चढल्या.

"असलं हाड कुणाच्या हाती पाठवतात होय?" आपा त्या एकुलत्या एक जागेवर बसत म्हणाल्या. "जिनं चुकीचं ठेवलं तिनंच बरोबर ठेवायचं. तू पोत्यावर बस. साकिन! एमिलला सांग, टेबल तू मांड म्हणावं. हात आहेत त्याला. सॅलडमध्ये वाटाणे घालायला विसरू नको म्हणावं. आणि तू सासरी मान वर करून जा, फरा म्हणजे काही चोरी नाही. चोरी झाली ती सकाळी."

जिपार पोत्यावर बसली. गाडी सुटली.

तिनं या संध्याकाळचं स्वप्न बारा वर्षं जपलं होतं. बापाच्या शेजारी बसावं, पाय लांब करावेत, जे मनात येईल ते बोलावं, डोक्यावरचा रुमाल कुठंतरी भिरकावून द्यावा. त्या स्वप्नात बाप होता, चूल होती, बर्फ होता. सासू नव्हती. आता सासू तिच्यापुढं दोन फुटांवर बसून, मांडीवर हाड घेऊन, शेजारणीला विचारत होती, गुरं बरी ना? गाईचा पाय? आणि बटाटे जिपारला अशा ठिकाणी टोचत होते जिथं अडीच तास कुणालाच काही टोचू नये.

कारा-तेरेकला पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. कासिमाली चुलीजवळ गाद्यांच्या चळतीला टेकून बसला होता, उजवा हात मांडीवर विसरल्यासारखा. लेकीला पाहून त्याचं अर्धं तोंड हसलं. लेकीमागून आत आलेलं माणूस पाहून तेही अर्धं थांबलं.

"उपेल बाई," तो म्हणाला.

"मीच," आपा म्हणाल्या. "पातेलं कुठाय?"

दोन तास हाड शिजत होतं, आणि दोन तास कुणी त्याबद्दल बोललं नाही. रस्त्याबद्दल बोलले, गवताच्या भावाबद्दल बोलले, सुयुनबाय आबांच्या गुडघ्याबद्दल बोलले. जिपार उठत होती, लाकडं घालत होती, प्याले धूत होती, पाणी आणत होती. सासरी करायची तेच, फक्त बारा वर्षांनी नवीन वर्षाला माहेरी येऊन. रागानं तिनं झाकणी अशी आदळली की मांजर बाहेर पळालं.

मग आपांनी ताटात कमर काढली. स्वतः उचलली, स्वतः आणली, व्याह्यापुढं दोन्ही हातांनी ठेवली आणि मागं सरकून बसल्या.

कासिमालीनं ताट डाव्या हातानं फिरवलं. हाड इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. सांधा अखंड होता.

"बराच वेळ शिजवलंत," तो म्हणाला.

"मेंढी जून होती, कुदा," आपा व्याह्याला म्हणाल्या. "बारा वर्षं लागली."

म्हाताऱ्यानं मान हलवली. सुरी त्यानं डाव्या हातात घेतली. मांस घसरलं, सुरी ताटावर कर्रकन घासली. जिपार उठायला गेली.

"बस खाली!" दोघं एकदम म्हणाले.

ती बसली. वाकडातिकडा, अंगठ्याएवढा पहिला तुकडा निघाला, आणि रीतीप्रमाणे तो कासिमालीनं पाहुणीच्या हातावर ठेवला. आपांनी तो तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

"मीठ तुम्हीच घातलंत."

"मग तुम्ही आठवण करायची होती."

जिपारनं किटलीकडे हात नेला तसा आपांनी तो फटकन बाजूला सारला. "ठेव. मी ओतते. हे काय तुझ्या सासूचं घर आहे?"

रिकाम्या हातांचं काय करायचं, हे जिपारला पहिली पाच मिनिटं कळलंच नाही. मग तिनं ते चुलीकडे केले. मग पाय लांब केले. वडिलांच्या गुडघ्याला तिची पाठ लागली. तिकडं दोघांचं जुंपलं होतं. आपा म्हणत होत्या, लुळ्या हाताला रोज शेपटाची चरबी चोळा, आणि कासिमाली म्हणत होता, चरबी चोळायची असती तर मी मेंढीच झालो नसतो का. जिपारला वडिलांना कितीतरी सांगायचं होतं. बटाट्यांचं भांडण, एमिलची गाडी, तांबडं मांजर, सगळं. त्यातलं पहिलं सांगायला तिनं तोंड उघडलं आणि मोठी जांभई आली. घड्याळात अजून आठही वाजले नव्हते, नवीन वर्ष चार तास लांब होतं.

"हळू बोला हो," झोपेच्या पलीकडून तिला सासूचा आवाज आला. "पोर झोपलीय."

"मी हळूच बोलतोय," बाप म्हणाला. "ओरडताय तुम्ही."